वस्तीत तपासणी कमी, लागण जास्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते, आशाताई, आरोग्यसेविका, मंडळांचे पदाधिकारी आणि वॉर्डाचे आकडे वाचणारे पत्रकार यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत, कारण तिथे एकाच वॉर्डात झोपडपट्टी आणि सोसायट्या शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींची तुलना झालेली आहे. आजार तीन घेतले आहेत: कोविड, क्षयरोग आणि गोवर.

आमच्या भागात रुग्ण कमी नोंदले गेलेत. म्हणजे लागण कमी आहे ना?

तसं लगेच धरून चालू नका. नोंदलेला रुग्ण म्हणजे ज्याची तपासणी झाली, अहवाल आला आणि तो सरकारी नोंदीपर्यंत पोचला असा माणूस. यातली एक पायरी हुकली तरी माणूस आजारीच राहतो, फक्त आकड्यात येत नाही. आणि गरीब वस्तीत या पायऱ्या जास्त हुकतात.

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली: माटुंग्याचा एफ उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि दहिसरचा आर उत्तर. सुमारे सात हजार नमुने घेतले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली; त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. त्या महिन्याच्या अखेरीस संपूर्ण मुंबईत नोंदलेले रुग्ण होते साधारण १ लाख १० हजार. शहराची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास धरली तर हा आकडा एक टक्काही भरत नाही.

लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना लक्षणंच नव्हती, त्यामुळे सगळी तफावत गैरसोयीच्या माथी मारता येणार नाही. पण लक्षणं नसणारे इमारतींतही होते. म्हणून झोपडपट्टी आणि इमारत यांच्यातल्या एवढ्या मोठ्या फरकाची कारणं राहणीमानात शोधावी लागतात.

मग कोणता आकडा बघायचा?

एकच आकडा कधीच पुरत नाही. तीन शेजारी ठेवा: दर हजारी किती तपासण्या झाल्या, शंभर तपासण्यांत किती पॉझिटिव्ह आले आणि मृत्यू किती.

समजा दहा-दहा हजार लोकवस्तीचे दोन भाग आहेत. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. सोसायट्यांच्या भागात ४०० तपासण्या झाल्या, २० पॉझिटिव्ह आले. झोपडपट्टीत १०० तपासण्या झाल्या, १८ आले. बातमीत २० आणि १८ एवढंच छापून येतं आणि झोपडपट्टी बरी वाटते. शंभरामागचं प्रमाण काढलं की पहिल्या भागात ५ आणि दुसऱ्यात १८ येतं. प्रमाण जास्त आणि तपासण्या कमी, अशी जोडी दिसली की समजावं, तिथे बरेच रुग्ण अजून सापडायचे आहेत.

हे प्रमाणही डोळे झाकून घेऊ नये. कोविडच्या काळात आरटीपीसीआर आणि रॅपिड अँटिजेन एकत्र मोजले जायचे. अँटिजेन चाचणीत खरे रुग्णही निगेटिव्ह येतात, त्यामुळे ज्या भागात अँटिजेन जास्त झाल्या तिथलं प्रमाण आपोआप खाली दिसतं. एकाच माणसाच्या दोन-तीन तपासण्या वेगवेगळ्या मोजल्या तरी तेच होतं. सर्वात मोठी गोची लोकसंख्येच्या आकड्यात असते. दर हजारी काढायला २०११ ची जनगणना वापरली जाते, आणि पोटमाळ्यावर भाड्याने राहणारे, कारखान्यातच झोपणारे कामगार तीत धड बसत नाहीत.

क्षयरोगात शंभरामागच्या प्रमाणाऐवजी उलटा प्रश्न विचारतात: एक रुग्ण सापडायला किती संशयितांची तपासणी करावी लागली? आणि लाख लोकसंख्येमागे किती संशयित तपासले गेले? वॉर्डाच्या बैठकीत हे दोन प्रश्न आवर्जून विचारा.

लागण जास्त का होते? लोक काळजी घेत नाहीत म्हणून?

काळजी घेण्यासाठी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे खोकणाऱ्याला वेगळं ठेवणार कुठे? क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. समोरासमोर दोन खिडक्या असल्या तर हवा वाहते आणि जंतू विरळ होतात. एकच दार, मागची भिंत शेजाऱ्याची, वर पत्रा, अशा खोलीत हवा बदलतच नाही.

कोविडमध्ये सार्वजनिक शौचालयांचा मुद्दा याच्या जोडीला आला. घरात बसून राहा म्हटलं तरी दिवसातून किमान एकदा रांगेत उभं राहावंच लागतं. धारावीत बहुसंख्य कुटुंबं सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत.

तिसरी गोष्ट कामाची. सुरक्षारक्षक, भाजीविक्रेते, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया यांचं काम घरून होत नाही. टाळेबंदीत ज्यांना बाहेर पडणं भाग होतं ते बहुतेक याच वस्त्यांतून येत होते.

झोपडपट्टी पाडून पक्की घरं दिली की हा प्रश्न सुटतो ना?

इमारत कशी बांधली त्यावर ते अवलंबून आहे. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केला. ऊन आणि हवा जिथे कमी पोचते तिथे, म्हणजे विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयाचा भार जास्त आढळला. काही इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. पहिल्या मजल्यावरच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी असते, पण खाली कचरा साचलेला आणि समोर शेजाऱ्याचं न्हाणीघर, म्हणून ती कायम बंद.

पक्कं घर मिळालं, नळ आला, शौचालय घरात आलं, या मोठ्याच गोष्टी आहेत. पण श्वासाच्या आजारांसाठी दोन इमारतींमधलं अंतर आणि आरपार हवा हेच निर्णायक ठरतं. बांधकामाच्या नियमांत सवलत देऊन हे अंतर कमी केलं, तर त्याची किंमत आरोग्य खात्याला पुढची तीस-चाळीस वर्षं मोजावी लागते.

तपासणी फुकट असूनही लोक येत का नाहीत?

कारण फुकट फक्त चाचणी असते. रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्याची वेळ म्हणजे खाडा. पहिल्या दिवशी केसपेपर आणि थुंकीसाठी डबी, दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना द्यायला, तिसऱ्यांदा रिपोर्ट घ्यायला, आणि एक्स-रे दुसऱ्या इमारतीत असेल तर चौथी फेरी. तीन-चार खाडे म्हणजे आठवड्याची निम्मी कमाई गेली. नाक्यावर उभा राहणारा कामगार हा हिशेब मनातल्या मनात करतो आणि मेडिकलमधून खोकल्याची बाटली घेतो.

कोविडच्या सुरुवातीला तर चाचणीही महाग होती. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआरची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती. पाच जणांच्या घराला २२,५०० रुपये! महाराष्ट्र सरकारने जून २०२० मध्ये ती २,२०० वर आणली, पुढे आणखी उतरवली. जुलैच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत डॉक्टरची चिठ्ठीही लागायची. ज्यांचे फॅमिली डॉक्टर फोनवर चिठ्ठी देत होते त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या गल्लीतला दवाखानाच बंद होता त्यांची राहिली.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्या ६४ टक्के लोकांनी कुठेच उपचार घेतले नव्हते. का, असं विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर ‘दुर्लक्ष केलं’ असं नोंदलं गेलं. हे उत्तर अपुरं आहे असं आमचं मत आहे. खोकला आहे हे माणसाला कळतं, पण त्यासाठी तीन दिवसांची मजुरी सोडणं परवडत नाही. हे कारण नोंदवायला फॉर्ममध्ये वेगळा रकाना नसला की ते ‘दुर्लक्षा’त जाऊन बसतं.

मेडिकलमधून औषध घेतलं तर नुकसान काय?

लेवोफ्लॉक्सासिन वर्गातली प्रतिजैविकं क्षयाच्या जंतूंवर थोडीफार चालतात. चार-पाच दिवस घेतली की ताप उतरतो, खोकला कमी होतो, आणि त्याच काळात थुंकी दिली तर जंतू सापडत नाहीत. निदान काही आठवड्यांनी पुढे ढकललं जातं. तोवर घरातले सगळे त्याच हवेत असतात, आणि जंतू त्या औषधाला निर्ढावण्याचा धोका वेगळाच.

थुंकीचा नमुना नीट कसा द्यायचा? आमच्याकडे कित्येक नमुने परत येतात.

परत येण्याचं नेहमीचं कारण एकच: डबीत बेडक्याऐवजी लाळ असते. लाळ पातळ, फेसाळ, पाण्यासारखी दिसते. बेडका घट्ट, चिकट, पिवळसर किंवा हिरवट असतो. लाळेतून निगेटिव्ह अहवाल येतो आणि माणूस ‘मला काही नाही’ म्हणून निर्धास्त घरी जातो, हे नमुना परत येण्यापेक्षाही वाईट.

साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या जागेत उभं राहायचं. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा, आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. दोन ते पाच मिलिलिटर हवं. झाकण घट्ट लावायचं. नाव डबीच्या अंगावर लिहायचं. झाकणावर लिहिलं तर प्रयोगशाळेत झाकणं उघडली की कुठलं कुणाचं ते कळत नाही. एक नमुना जागेवर आणि एक सकाळी उठल्या उठल्या, कारण रात्रभर साचलेल्या बेडक्यात जंतू जास्त असतात.

बायकांच्या नमुन्यांत लाळ जास्त का येते, हे वस्तीत जाऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मोकळी जागा म्हणजे गल्ली, आणि गल्लीत सासूपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे बघत असतात. सून जोराने खोकून डबीत थुंकणार कशी? ती तोंडातल्या तोंडात काहीतरी करून डबी देते. बालवाडीची मागची बाजू, मंदिराची किंवा मशिदीची गच्ची, समाजमंदिराचं अंगण अशी आडोशाची उघडी जागा सकाळी अर्धा तास राखून ठेवा आणि आशाताईंना सोबत उभं करा. बंद न्हाणीघर मात्र नको. तिथे जंतू साचतात आणि पुढच्या माणसाला बाधा होऊ शकते.

एक्स-रे कशाला? थुंकी पुरत नाही का?

पुरत नाही. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण फक्त एक्स-रेमुळे हाती लागले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटलेच असते. दोन आठवडे खोकला आहे का, एवढंच विचारून पुढे जाणारी मोहीम त्यामुळे जवळजवळ निम्मे रुग्ण मागे ठेवते. वस्तीत हाती धरून नेता येणारं एक्स-रे यंत्र आता मिळतं, त्याचा आग्रह धरा. एक्स-रेत शंका आली की थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करायची; दोन्ही यंत्रं थुंकीत क्षयाच्या जंतूंची जनुकं शोधतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र आहे. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, आणि साधारण तासाभरात उत्तर मिळतं, म्हणून आरोग्य केंद्रातच ठेवता येतं.

तपासणी शिबिर लावायचं आहे. किती लोक बोलवायचे?

आधी हिशेब करा. सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरच्या लाख लोकांमागे ३१६ जणांना जंतू सापडलेला फुफ्फुसाचा क्षय होता. म्हणजे सरसकट २०० प्रौढ तपासले तर एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता बरीच आहे. मंडप, भाषणं, फोटो सगळं होतं, हाती काही लागत नाही आणि ‘आमच्याकडे टीबी नाही’ अशी समजूत पक्की होते.

म्हणून निवडून बोलवा. गेल्या दोन वर्षांतल्या रुग्णांच्या घरचे आणि एका खोलीत झोपणारे सहकारी आधी. मग मधुमेही, वजन घटलेले, विडी-दारूचं व्यसन असलेले, पूर्वी टीबी होऊन गेलेले, साठीच्या पुढचे, एचआयव्हीसह जगणारे. जरीच्या, शिलाईच्या, चामड्याच्या कारखान्यांत वेगळं जा, आणि मालकाशी आधी बोला. नाहीतर कामगार बाहेर येणारच नाहीत.

वेळ संध्याकाळी सात ते दहा किंवा रविवार. सकाळी अकराला मंडप टाकला तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं येतात. कमावता माणूस येत नाही, आणि पुरुषांमध्ये तर क्षय बायकांपेक्षा जास्त आढळतो.

प्रयोगशाळेची ताकद आधी विचारून घ्या. चार मॉड्यूलचं (एका वेळी चार नमुने घेणारं) सीबीनॅट यंत्र एका पाळीत साधारण १२ ते १६ नमुने करतं, आणि त्याच्याकडे रोजचं कामही असतं. एका संध्याकाळी ६० डब्या नेऊन ठेवल्या तर आठवडाभर अहवाल रखडतात, आणि तोवर माणूस गावी गेलेला असतो. नमुने त्याच दिवशी पोचणार नसतील तर बर्फाच्या डब्यात ठेवा. प्रत्येकाचे दोन फोन नंबर घ्या, एक त्याचा आणि एक गावचा.

पत्ता आणि कागदपत्रांचा काय संबंध?

फार जवळचा. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलते. आधार गावचं, रेशनकार्ड गावचं, बँकखातं बंद पडलेलं. निदान झाल्यावर निक्षय पोर्टलवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदीच्या संकेतस्थळावर, नोंद होते आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे थेट खात्यात येतात. एप्रिल २०१८ पासून ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हे पैसे अडकतात. कागद नाही म्हणून तपासणी किंवा औषध मात्र नाकारता येत नाही. कुणी नाकारलं तर १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर सांगा. गावी जाताना निक्षय क्रमांक सोबत न्यायचा, तिकडच्या केंद्रात उपचार पुढे चालू राहतात.

सकस खाण्याने लागण टळते हे खरं की नुसता सल्ला?

खरं आहे आणि मोजलेलं आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळींचा शिधा दिला. त्या घरांत नव्या क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिध्याला आम्ही उपचाराइतकंच महत्त्व देतो. त्याच्या जोडीला घरातल्यांसाठी प्रतिबंधक औषध आहे, आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे, किंवा रोज सहा महिने. आधी त्यांना क्षय नाही याची खात्री करायची, मगच ते सुरू करायचं.

धारावीत नेमकं काय जमलं?

१ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, आठ-दहा लाख माणसं. तिथे जी उत्तर वॉर्डाने रुग्ण येण्याची वाट न पाहता गल्लोगल्ली ताप तपासणी शिबिरं लावली, वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना पीपीई देऊन सोबत घेतलं, शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली आणि शाळा-सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, जेवणासकट. जेवण हा यातला कळीचा भाग. पोटाची सोय असेल तर माणूस विलगीकरणात थांबतो.

जुलैपर्यंत रुग्ण झपाट्याने उतरले. लागण आधीच मोठ्या प्रमाणात होऊन गेली होती आणि बरेच कामगार गावी परतले होते, या गोष्टींचाही त्यात वाटा असणार. तरी लोकांच्या ओळखीचा डॉक्टर दारात नेणं ही पद्धत कुठेही उचलण्यासारखी आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. स्वित्झर्लंडमध्ये आरोग्य विमा सक्तीचा आहे, म्हणजे सगळ्यांकडे आहे. तिथल्या देशभराच्या कोविड नोंदी वस्तीच्या आर्थिक स्तरानुसार मांडल्या तेव्हा सुखवस्तू वस्त्यांत तपासण्या जास्त, पण पॉझिटिव्ह, रुग्णालयात दाखल झालेले आणि अतिदक्षता विभागात गेलेले कमी, असंच चित्र निघालं.

गोवराचा याच्याशी काय संबंध?

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, त्याचा सर्वाधिक फटका एम पूर्व वॉर्डाला, म्हणजे गोवंडी परिसराला बसला. कोविडकाळात लसीकरण मागे पडलं होतं, मुलं कुपोषित होती, एका खोलीत चार-पाच पोरं. पुरळ आलं की ‘देवी आली’ म्हणून घरातच ठेवायची रीत, त्यामुळे पहिले कित्येक रुग्ण नोंदलेच गेले नाहीत. ताप आणि पुरळ दिसलं की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. लस नवव्या महिन्यानंतर आणि १६ ते २४ महिन्यांत. आजारी मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात. वयानुसार मात्रा केंद्रातच ठरते.

आमच्या वस्तीचे आकडे मिळवायचे कसे?

आधी वॉर्डाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मोजकं लिहा: ‘अमुक आरोग्य केंद्राच्या हद्दीत गेल्या बारा महिन्यांत, महिनानिहाय, क्षयरोग संशयित किती तपासले, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट किती, एक्स-रे किती, रुग्ण किती नोंदले, उपचार किती जणांचे सुरू झाले.’ रुग्णांची नावं किंवा पत्ते मागू नका. ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. वॉर्डाचा एकूण आकडाही मागू नका, कारण सोसायट्या आणि झोपडपट्टी त्यात एकत्र होतात. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत अपील करा.